आधी आलेला

करंजघाटातल्या पशुरक्त प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी तांडेल आणि संचालक बळवंत शिरोळे यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं.

गोचिडांतून पसरणाऱ्या जीवघेण्या रक्तपरजीवीचा एक मवाळ भाऊ बाईंनी घडवला होता. तो टोचला की दोन दिवस कणकण, मग जन्मभर रक्तात राही, पण त्रास काही नाही. पुढे गोचीड चावून जीवघेणा रक्तात उतरला, तरी मवाळ त्याला तांबड्या पेशींत शिरू देत नसे. केंद्रातल्या गाईंना, माणसांना, सगळ्यांना तो टोचलेला होता. शिरोळ्यांनाही. त्याचे पांग त्यांनी असे फेडले, की चारचौघांत बाईंना ते 'गोचीडबाई' म्हणू लागले.

मग रोगमुक्त केंद्राच्या प्रमाणपत्रासाठी तपासणी लागली. रक्तात कुठलाच परजीवी दिसता कामा नये. शिरोळ्यांनी सगळ्यांसाठी औषध मागवलं आणि पहिला डोस स्वतः घेतला. बाईंनी भर बैठकीत बजावलं, की या औषधानं मरतो तो फक्त मवाळ, जीवघेणा नाही. मवाळ गेला की संरक्षणही गेलं. स्वतःचं दुकान बसतंय म्हणून बाई कोकलतायत, असं साहेब म्हणाले आणि चार टाळकी हसली. पण हसणाऱ्यांनीही नंतर गोळ्या गुपचूप मोरीत टाकल्या. जीव कोणाला प्यारा नसतो? तपासणीत निर्मळ निघाले ते एकटे साहेब. प्रमाणपत्र हुकलंच.

पंधरवड्यात शिरोळ्यांना हीव भरलं आणि लघवी काळपट लाल झाली. त्यांच्या रक्ताच्या थेंबात जीवघेणा खच्चून भरला होता.

बाई खोलीत आल्या तेव्हा ते कसेबसे उठून बसले.

"तुमचा मवाळ टोचा," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर माफी मागतो."

"उपयोग नाही. आधी येणारा नंतरच्याला अडवतो, एवढाच त्याचा नियम. तुमच्यात आता जीवघेणा आधी आलाय. सकाळी काचेवर तुमच्याच रक्ताच्या थेंबात मवाळ सोडून पाहिला. एकाही पेशीत शिरू शकला नाही."

शिरोळ्यांना ते पटेना. मरणाची भीती आणि जुना राग, दोन्ही त्यांच्या तोंडावर दिसत होती.

"सूड घेताय तुम्ही."

"सूड घ्यायचा असता, तर तुम्हाला वाचवलं असतं, शिरोळे," बाई म्हणाल्या. "जन्मभर माझा परजीवी रक्तात घेऊन हिंडायला लावलं असतं."