कोरा समास

‘चूक’ आणि ‘बरोबर’ या दोन्ही रकान्यांत एकच वाक्य होतं : ‘ही डझन्ट नो’. खाली ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’चंही तेच. इंग्रजीतल्या नेहमीच्या चुका दाखवणाऱ्या पुस्तकातून चुकाच गायब झाल्या होत्या, आणि दहा हजार प्रतींचे छापील कागद बांधणीला येऊन पडले होते.

“प्रूफ काढा!” मालक कडाडले.

कपाटातल्या फाइलमधून शेवटचं प्रूफ निघालं. डाव्या रकान्यातलं प्रत्येक चुकीचं वाक्य लाल शाईनं सुधारलेलं. खाली प्रूफवाल्या ताईंची सही.

“या चुका ठेवायच्या होत्या, ताई! उद्यापासून येऊ नका.”

ताईंनी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं. घरी भाऊ अंथरुणाला खिळलेला, आणि दोघांचं पोट या एका खुर्चीवर.

“डोळ्यात मोतीबिंदू आहे. वर्षभर लपवला,” त्या कशाबशा म्हणाल्या. “हे केल्याचं आठवत नाही हो. पण सही माझी आहे, म्हणजे माझंच असणार.”

त्यांनी तिथेच तशी चिठ्ठी लिहून दिली. माणसाचा स्वतःवरचाच विश्वास उडाला, तर त्याला कोण वाचवणार?

बांधणीवाल्या मावशींचा इंग्रजीशी छत्तीसचा आकडा. सुई बाजूला ठेवून त्यांनी तो कागद उजेडात धरला. पहिल्या ओळीवर लिहिलेला लाल शब्द फाइलच्या भोकाला वळसा घालून गेला होता. कडेचा समास मात्र कोरा करकरीत.

“दादा, दुरुस्त्या कुठे बघता?” त्यांनी टाइप करणाऱ्याला विचारलं.

“समासात. ताईंची ओळीत एक खूण असली, की समासात तिची जोडीदार असतेच. सगळ्या ओळी कोण वाचत बसतं?”

“मग या वेळी?”

“समास कोरा होता. मी एक अक्षर हलवलं नाही. तसंच मॅनेजरांकडे पाठवलं.”

“या कपाटाची किल्ली?”

“माझ्याकडे, ताईंकडे आणि मॅनेजरांकडे.”

मॅनेजर म्हणजे मालकांचे जावई, महिन्यापूर्वीच आलेले. ते हसले. “मावशी, तुम्हाला यातलं वाचता तरी येतं का?”

“नाही ना! म्हणून तर शब्दांत अडकले नाही.” मावशींनी कागद मालकांपुढे ठेवला. “प्रूफाला भोकं मी पाडते, तीही पुस्तक छापून आल्यावर. शाई भोक चुकवून गेलीय. म्हणजे भोक आधी, शाई नंतर. छापून झाल्यावर दुरुस्त्या कोण करतं? ज्याला दुसऱ्यावर ढकलायचंय तो. ताईंनी किंवा दादांनी केलं असतं, तर समासात खुणा आल्या असत्या. हाताची सवय जात नाही. समास कोरा सोडणारा या धंद्यात नवा आहे.”

सगळ्यांच्या नजरा वळल्या. जावयांचा चेहरा पांढरा पडला.

“छापायला देण्याआधी कम्प्युटरला सगळ्या चुका दुरुस्त करायला सांगितलं,” ते पुटपुटले. “डावा रकाना लक्षातच आला नाही. छापून आल्यावर कळलं. सासऱ्यांना काय तोंड दाखवणार होतो?”

मालकांनी मान खाली घालून चिठ्ठी परत केली. “डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या, ताई. खुर्ची तुमचीच आहे.”

ताईंना रडू आवरेना. त्यांनी लाल पेन उघडलं, ‘चूक माझी आहे’ ही ओळ खोडली, आणि सवयीनं समासातही वगळण्याची खूण केली.