उत्तर फोडायचं नाही

चष्म्याच्या दुकानात ऊन यायचं ते दुपारी चारला. मांडणीवरच्या काचांतून ते भिंतीवर सांडायचं आणि तिथे उजेडाची लहान लहान तळी हलत राहायची. चष्मेवाली त्या तळ्यांकडे बघत बसली होती, तेवढ्यात पायरीला अडखळून एक तरुण आत आला. हातात चष्म्याचे दोन तुकडे.

"बसा. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचा," ती म्हणाली.

"ती दिसली असती, तर पायरी नसती का दिसली?"

तिने हसू गिळलं आणि काचा काढायला घेतल्या.

"एक सांगा," तो म्हणाला, "अशी कुठली वस्तू, जी हरवली की शोधायला तीच लागते?"

तिचा हात क्षणभर थांबला. "चष्मा. आता माझं ऐका. द्यायचा दुसऱ्याला, पाळायचा मात्र आपण. आणि पाळला तरी दाणापाणी मागत नाही. काय ते?"

"पोपट?"

"पोपट दाणा मागतो."

"मग... नाही बुवा."

"करा विचार. चष्मा परवा मिळेल. परवा म्हणजे परवा."

"शब्द देताय?" तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. "अहो... शब्द!"

दोघंही इतकी हसली, की शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला.

तो नकाशे काढायचा. शहरात नवे नळ टाकायचे होते, त्यासाठी गल्लीन् गल्ली मोजायचं सहा महिन्यांचं काम त्याला मिळालं होतं. मोजता मोजता तो रोज चारला दुकानाशी येऊन पोचायचा. आज काडी सैल, उद्या स्क्रू ढिला. इतका ढिला स्क्रू तिने आजवर पाहिला नव्हता... आणि घट्ट करताना ती तरी तो कुठे पुरता पिळत होती?

कोड्यांचा साठा संपला तेव्हा त्यांनी दुसरा खेळ काढला. तो असा: एकाने अर्धीच गोष्ट सांगायची, दुसऱ्याने प्रश्न विचारून उरलेली अर्धी शोधायची. उत्तरं तीनच – हो, नाही, फरक पडत नाही. आणि समोरचा जोवर 'हरलो' म्हणत नाही, तोवर उत्तर फोडायचं नाही.

"एक बाई दर महिन्याला दुकानात येते," एकदा तिने घातलं. "एकच जुनी फ्रेम लावते, आरशात बघते, परत ठेवते. विकत घेत नाही. का?"

"महाग आहे?"

"फरक पडत नाही."

"तिला शोभत नाही?"

"नाही, चांगली शोभते."

"आरशात... ती स्वतःला बघते का?"

"नाही."

भिंतीवरचं एक तळं त्याच्या गालावर आलं होतं. "तिच्या आईचा चष्मा तसाच होता," तो हळूच म्हणाला.

"हो," ती म्हणाली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, की सहा महिने म्हणजे फारच थोडे दिवस.

ते दिवस संपत आले, तेव्हा एका दुपारी तो आला आणि उभाच राहिला.

"आज माझी पाळी," तो म्हणाला. "एका माणसापुढे नोकरीच्या दोन जागा आहेत. एक दूरच्या शहरात, मोठी. एक इथल्याच कचेरीत, लहान. लहान जागेचा होकार उद्या बारापर्यंत कळवायचा. पण दूरची बस सकाळी दहाची आहे, आणि तिकीटही काढलंय. तरी त्याने अजून सामान बांधलेलं नाही. का?"

ती पुढे सरसावली. "आजारी आहे?"

"नाही."

"आळशी?"

"थोडा. पण फरक पडत नाही."

"कुणाची वाट बघतोय?"

"...हो."

"हमालाची!"

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "नाही. सांगू का उत्तर?"

"खबरदार! मी हरले म्हटलेलं नाही. उद्या चारला शोधून ठेवते."

"चारला?" तो म्हणाला. "बस दहाची आहे."

"अहो, ती गोष्टीतली!"

चष्मा नाकावर सारखा करून तो पायरी उतरला. या वेळी अडखळला नाही.

सकाळी दुकान उघडताना तिने ते कोडं मदतीला आलेल्या वहिनीला घातलं. वहिनीला असल्या खेळांचा मनस्वी कंटाळा. ती मांडणी झटकत म्हणाली, "अगं, यात कोडं कुठाय? नकाशेवाला निघालाय, आणि तू थांब म्हणावंस म्हणून रखडलाय. निरोप घ्यायला आला होता तो, नि तू त्याला हमाल विचारत बसलीस!"

तिच्या हातातली किल्ली खाली पडली. घड्याळवाल्याकडची सगळी घड्याळं दहाला पंधरा कमी दाखवत होती.

"पळ," वहिनी म्हणाली. "दुकान बघते मी."

बस उभी होती. इंजिन घुरघुरत होतं. नकाशेवाला ट्रंकेवर बसला होता. घाईत कोंबलेल्या सदऱ्याची एक बाही झाकणातून बाहेर लोंबत होती. तिला पाहून तो उठला. धापा टाकत ती त्याच्यापुढे येऊन थांबली.

उत्तर तिला माहीत होतं. ओठांवरच होतं. पण ते तिने सांगितलं असतं, तर जिंकली तीच असती, आणि तो पुन्हा हो-नाहीच्या आड लपला असता.

"हरले," ती म्हणाली. "आता तुम्हीच सांगा. सरळ सांगा."

तो गोंधळला. "त्या माणसाला..."

"कुठल्या माणसाला?"

"...मला," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला. "मला तुमच्याशिवाय करमत नाही. कुठलीही गल्ली मोजायला घेतली तरी ती तुमच्याच दाराशी संपते. तुम्हाला हवं असेल, तर मी इथेच राहतो. एवढंच विचारायचं होतं... आणि तेवढंच जमत नव्हतं."

"साहेब, चढताय ना?" कंडक्टर दारातून ओरडला.

"ते येत नाहीत!" तिने ओरडून सांगितलं, इतक्या मोठ्याने, की खिडक्यांतून दहा डोकी बाहेर आली.

बस गेली. धूळ सावकाश खाली बसली. दोघं तिथेच उभी – तो तिच्याकडे बघतोय, ती ट्रंकेकडे.

"आता?" त्याने विचारलं.

"आता आधी कचेरी. बाराच्या आत."

ट्रंकेला दोन कड्या होत्या. एक त्याने धरली, एक तिने. तो उंच, ती बुटकी, म्हणून ट्रंक सगळा रस्ता तिरकी चालली. बाहेर लोंबणारी ती बाही मात्र वाऱ्यावर डुलत राहिली. आत घालायचं भान दोघांनाही नव्हतं.