मागचं डावं दार

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. ही भर दिवसाची आहे, आणि खरी आहे. बडोद्याची निरुपमा ती फारशी कुणाला सांगत नाही. सांगायला लागली की थकून मध्येच गप्प होते.

मार्चचा दुसरा रविवार होता. तिचे वडील विश्वंभर जाऊन चाळीस दिवस झाले होते.

बाबांनी तीस वर्षं कोयलीच्या रिफायनरीत नोकरी केली. घर मराठी, पण दारातला निरोप गुजराती. ते शिफ्टला निघाले की निरुपमा गॅलरीतून म्हणे, "आवजो, बाबा." खालून उत्तर येई, "आलोच समज."

बाबांना शेवटचं घराबाहेर काढलं, तेव्हाही तिच्या तोंडून तेच निघालं.

"आवजो, बाबा."

नलिनीआत्याने तिचा दंड धरला. "गेलेल्या माणसाला परत या म्हणतात का गं? गुपचूप पाठ फिरवायची."

"आत्या, गुजरातीत म्हणाली. यमाला कळायचं नाही," अमोघ म्हणाला. निरुपमाचा धाकटा भाऊ. रडू आलं की त्याला विनोद सुचतो.

तेराव्यापासून रोज संध्याकाळी पावणेसहाला फाटकाची कडी वाजू लागली...

बाबांची घरी यायची वेळ.

फाटकाशी कुणी नसे.

निरुपमाची झोप उडाली. आत्या म्हणाली, "त्याचं काहीतरी राहिलंय. ते पुरं कर. आणि तोंडाने सांग त्याला, जा म्हणून."

राहिलं होतं ते एवढंच. डभोईच्या बरंच पुढे, डोंगरातल्या गुहा आणि पायथ्याचा जुना मठ पाहायचा. बाबांनी कॅलेंडरच्या मागे बेतसुद्धा लिहून ठेवला होता. आधी गुहा, मग मठात जेवण, दिवसाउजेडी घरी.

त्या रविवारी निरुपमा आणि अमोघ बाबांच्याच गाडीतून निघाली. गाडीचं मागचं डावं दार एका आपटण्यात लागत नसे. शेवटच्या वर्षात बाबा तिथेच बसत, आणि दार दोनदा आपटत.

त्या दिवशी मागे कुणीच नव्हतं.

गुहेत गारवा होता. वटवाघळांचा उग्र वास. अमोघ तोंडाशीच थांबला. निरुपमा आत गेली. तिला "जा" म्हणायचं होतं. एकच अक्षर.

जीभ उचलेना. ती परत फिरली, आणि सवयीने...

"आवजो, बाबा."

गुहेने आवाज परत दिला. आवजो... बाबा... बाबा...

आणि त्यानंतर, तिने न म्हटलेलं...

"...लोच समज."

ती बाहेर आली. "काही ऐकलंस?"

"तुझाच आवाज. चल ताई, भूक लागलीय."

दोघं अजून उतरणीवर होती. खाली गाडीचं दार वाजलं.

धप्प.

मग पुन्हा... धप्प.

किल्ली अमोघच्या खिशात होती.

मठात वाढणाऱ्या राजेश्वरीबेननी तीन थाळ्या मांडल्या.

"अमे बे ज छीए," अमोघ म्हणाला. आम्ही दोघंच आहोत.

"अने दादा?" त्यांनी आवारातल्या गाडीकडे पाहिलं. "पाछळ बेठा छे ने." मागे बसलेत ना ते आजोबा.

या वेळी अमोघला विनोद सुचला नाही.

परतीच्या वाटेवर दोघांपैकी कुणीही आरशात पाहिलं नाही.

घरी पोचली तेव्हा पावणेसहा होत आले होते. निरुपमाने उतरून मागचं डावं दार उघडलं. सीटवर बाबांच्या बसण्याचा खळगा होता. तो आधीपासूनचाच. तिथे कुणी नव्हतं. तिला फार, फार दमल्यासारखं झालं.

"जा, बाबा," ती म्हणाली. "आता येऊ नका."

कडी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिला झोप लागू लागली. पावणेसहाला मात्र ती अजून गॅलरीत येऊन उभी राहते.

गेल्या महिन्यात अमोघ बाबांची गाडी घेऊन सुरतला नव्या नोकरीवर निघाला. एकटाच.

"आवजो नाही म्हणणार, ताई?"

तिने नाही म्हणून मान हलवली. तो जिना उतरू लागला. ती गॅलरीत आली. गाडी फाटकाशी उभी होती.

खाली दार वाजलं. धप्प...

मग पुन्हा, धप्प.

अमोघची पावलं अजून जिन्यातच वाजत होती.