अजिबात दुखणार नाही

दातांच्या दवाखान्यात हसतमुखाने जाणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता. तिचे मामा. दर शनिवारी दुपारी दोनला, बुटांना पॉलिश करून. तोंडात स्वतःचे दात जेमतेम सहा, तरीही.

एका शनिवारी मामा चष्मा घरीच विसरले. तो द्यायला गेलेल्या भाचीला कळलं की दवाखाना दुपारी बंद असतो आणि बाहेरच्या खोलीत पोकर चालतो. पैसे लावून नव्हे, बटणं लावून. बटणं समोरच्या दुकानातल्या शिंपीणकाकूंची, आणि त्याही पत्ते घेऊन बसलेल्या.

"चौथा भिडू हवाच होता," दातांचा डॉक्टर खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "पत्ते येतात?"

"पत्ते नाही येत. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते."

"सांभाळा," मामा म्हणाले, "ही मंडईत गेली तरी सरासरी काढते."

दुसऱ्याच डावात तिच्या हातात चार बदाम आले. पाचवा आला की डाव जवळजवळ तिचाच. एक पत्ता बदलायचा तर चार बटणं टाकायची. जिंकणाऱ्यासाठी मधल्या डब्यात वीस जमली होती. न दिसलेले पत्ते सत्तेचाळीस, त्यांत बदाम नऊ. पाचदा हरून एकदा जिंकलं तरी बरोबरी होते, आणि इथे शक्यता त्याहून जरा बरी. तिने बटणं टाकली, पत्ता उचलला—बदाम!

डॉक्टरने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि आपले पत्ते खाली ठेवले. "बदाम लागला तुम्हाला."

"कशावरून?"

"इतका वेळ जबडा आवळला होता, तो आत्ता सैल झाला. बारा वर्षं मी दुसरं काय बघतोय?"

तिचा हात नकळत गालाकडे गेला. गाल गरम लागला. याचं गणित तिच्याकडे नव्हतं.

माणूस नुसत्या नजरेवर जिंकतो, हा तिला संख्याशास्त्राचा अपमान वाटला. त्यामुळे ती पुढच्या शनिवारीही गेली. आणि त्याच्या पुढच्याही. वही घेऊन.

"गणित पत्त्यांना ठीक आहे हो," तो एकदा पत्ते पिसत म्हणाला. "पण ते धरणारी माणसं असतात."

"माणसांनाही लागू पडतं. पुरेशी पाहिली की."

"किती पाहिलीत?"

"एकच," ती वहीत बघत म्हणाली. "पण... नीट."

शिंपीणकाकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मामांच्या पायाला टेबलाखालून पाय लावला. मामांना वाटलं, पत्त्यांची खूण आहे. ते तो डाव हरले.

तीन महिने असेच गेले. मग पत्र आलं. लांबच्या शहरातलं विद्यापीठ, तीन वर्षांचं संशोधन. सोमवारपर्यंत होकार कळवायचा. असं पत्र यावं म्हणून ती चार वर्षं अर्ज करत होती. आणि आता ते पर्समध्ये दगडासारखं जड झालं होतं.

शनिवारी पत्ते वाटता वाटता तिने सांगून टाकलं.

डॉक्टर पत्त्यांत बराच वेळ डोकं खुपसून बसला. पत्ते त्याने उलटे धरले होते. आतली दुर्री-तिर्री समोर बसलेल्या काकूंना दिसत होती. मग तो मऊ, समजुतीच्या आवाजात म्हणाला, "जा की. छान संधी आहे. भिडू काय, मिळेल दुसरा. मला अजिबात दुखणार नाही."

तिचा जबडा आवळला गेला... आणि मग तिने वही उघडली.

"डॉक्टर, सुई टोचण्याआधी पेशंटला काय सांगता?"

"अं... हेच."

"याच आवाजात. शनिवारी हातात काही नसताना थापा मारता, तेव्हाही याच आवाजात. चौदा वेळा बोललात, बारा वेळा थाप होती. उरलेल्या दोन वेळा तुम्हालाच आपले पत्ते कळले नव्हते." तिने वही त्याच्यासमोर सरकवली. "उघडा पत्ते."

"यांत काही नाही हो."

"मी त्यांचं विचारत नाहीये."

त्याने पत्ते टेबलावर ठेवले.

"दुखेल," तो म्हणाला. "भूल देऊनही दुखेल. पण तुम्ही जा. चार वर्षं वाट पाहिलीत... फक्त एक सांगा. तिथल्या माणसांना दात असतात?"

"असतात," ती म्हणाली. "बत्तीस. सरासरी काढली तर जरा कमीच."

"मग एका दवाखान्याला वाव आहे."

तिने पुढ्यातली सगळी बटणं मधे लोटली.

"जबडा सैल झाला," तो हळूच म्हणाला.

"आणि माझे सहा?" मामांनी विचारलं. "माझ्या सहांकडे कोण बघणार?"

त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. काकूंनी टेबलाखालून पुन्हा पाय लावला. या वेळी मामांना बरोबर कळलं.