काट्यावर उभी राहिलेली मुलगी

पांढरकवडा मागे पडलं आणि शीलाच्या सायकलचं मागचं चाक डुलू लागलं. आधी हलकेच... मग चांगल्याच झोकांड्या खाऊ लागलं. ती उतरली. समोर कापसाच्या जिनिंगचं फाटक होतं. डिसेंबरातलं ऊन मऊ पडलं होतं, आणि हवेत कापसाचे तंतू असे तरंगत होते की तिला क्षणभर वाटलं, रस्ता चुकून आपण ढगात तर नाही शिरलो?

आत वजनकाट्यापुढे बैलगाड्यांची रांग होती. कसली रांग — जेमतेम सात गाड्या. काट्याच्या खिडकीत एक तरुण बाबू पुस्तक वाचत बसला होता.

"कापूस आणला काय वं माय सायकलवर?" पहिल्या गाडीवरच्या म्हाताऱ्या उकंडामामांनी विचारलं.

"नाही हो मामा, चाक बिघडलं."

"कुठून येऊन राह्यली?"

"गोंदियाहून. मी शीला. हैदराबादला चालले, बहिणीकडे."

"एकटी? काहून, यष्टी बंद पडली काय?"

सगळे हसले. तीही हसली. खिडकीतला बाबू मात्र हसला नाही. त्यानं पुस्तक उपडं ठेवलं... आणि पाहतच राहिला. राजदीप त्याचं नाव. पाच हंगाम तो त्या खिडकीत बसत होता. पण अशी धुळीनं माखलेली, उन्हानं तांबूस झालेली, स्वतःच्याच फजितीवर हसणारी मुलगी त्या खिडकीतून कधी दिसली नव्हती.

जिनिंगचे मिस्त्री हाफिजचाचा चाकाशी वाकले. "बेटी, तीन स्पोक गेले. सामान किती भरलं यात?"

"असेल दहा किलो."

"दहा? मी नाही मानत. राजदीप, काट्यावर घे बरं."

शीलानं सायकल काट्यावर चढवली आणि हँडल धरून उभी राहिली. राजदीपनं आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"पंचाण्णव," तो गंभीरपणे म्हणाला. "सायकल वीस किलो धरली, तरी सामान... पंच्याहत्तर."

"पाऊण क्विंटल?" शीला किंचाळली. "एवढं ओढत आले मी?"

उकंडामामा गाडीवरून पडायचेच बाकी राहिले. "अरे बाबू, थे पोरगी काट्यावरच उभी हाय न!"

राजदीप कानापर्यंत लाल झाला. प्रत्येक गाडीवानाला 'खाली उतरा' असं ओरडून मगच वजन घ्यायचं, हा त्याचा रोजचा मंत्र. पाच हंगामांत तो एकदाही चुकला नव्हता.

"आमच्या गाडीत पाण्याचा डबा राह्यला तरी दिसते याले," मामा म्हणाले, "अन् आज अख्खी पोरगी दिसली नाही!"

"कोण म्हणतं दिसली नाही?" हाफिजचाचा चाकामागून बोलले. "तेवढीच दिसली."

शीला ओठ चावत खाली उतरली. काटा पन्नासवर आला. सामान तीस किलो.

"माझं वजन सगळ्या गावाला कळलं," ती खिडकीशी येऊन हळूच म्हणाली.

"मी... कुठं लिहिलं नाही."

"लक्षात तर राहील?"

त्यानं घाईनं पुस्तक उचललं. पण त्याचे कान पुन्हा लाल झाले, आणि तिला ते आवडलं.

चाचांचं काम होईपर्यंत ती एकेक पिशवी उतरवत गेली. वडकीच्या सुखीबाईंची बोरं. करंजीच्या एका गुरुजींच्या आईनं दिलेली तुरीची डाळ. हिंगणघाटला एका ट्रकवाल्यानं हातात कोंबलेली संत्री. रात्री ज्या घरात टेकावं, तिथली बाई सकाळी काहीतरी बांधून द्यायची. लेक रिकाम्या हातानं कशी जाऊ द्यायची?

"मला नाही म्हणता येत नाही हो," ती म्हणाली.

"मला तर काहीच म्हणता येत नाही," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढा वेळ खाली पाहून बोलणाऱ्याचे डोळे भलतेच बोलके होते.

"थोडं इथं ठेवून जा. परतताना न्या," तो म्हणाला.

"परतताना मी बसनं जाणार आहे."

"अच्छा..." त्यानं रांगेकडे पाहिलं. "तसाही यंदा कापूसच नाही. आठ-दहा दिवसांत काटा बंद होईल. मग मी बल्लारपूरला, भावाकडे."

बोरं आणि संत्री गाडीवानांत वाटून झाली. चाक सरळ झालं. अंधाराआधी पाटणबोरी गाठायची होती. तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि सायकल फाटकाकडे वळवली. आता काही बोललं नाही, तर ही पुन्हा दिसायची नाही... राजदीप खिडकी सोडून धावला.

"शीलाजी! ते मघाशी — मी विसरलो नव्हतो."

"काय?"

"'उतरा' म्हणायचं. तोंडात आलं होतं. पण 'उतरा' म्हटलं की वजन होतं, आणि माणूस निघून जातं. रोज पाहतो मी. म्हणून... नाही म्हटलं."

वारा सुटला. तिच्या केसांत अडकलेला एक तंतू हलला, पण तो काढायला त्याचा हात उठेना.

"मग मी जाऊ नको?"

"जा ना. हैदराबाद गाठा. फक्त परतताना... बसनं जाऊ नका. इकडून या. माझ्यासाठी."

तिला एकदम जाणवलं — गोंदियापासून इथवर प्रत्येकानं तिला काहीतरी दिलं होतं. मागितलं कुणीच नव्हतं. हा पहिलाच.

"बाबू!" मागून उकंडामामा ओरडले. "माही गाडी मोजतं, का संक्रांतीले मोजतं?"

"थांबा मामा!" शीलानंच उत्तर दिलं. मग त्याच्याकडे वळली. "दहा दिवसांत इथं पोचले नाही, तर? बल्लारपूरचा पत्ता सांगा."

त्यानं खिसे चाचपले. कागद नव्हता.

"तोंडी सांगा. पाठ करते."

त्यानं गल्ली सांगितली, घर सांगितलं, भावाचं नाव सांगितलं. तिनं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला. त्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी तिला सगळं नीट पाठ झालं होतं... तरीही ती मुद्दाम चुकली.