ठेवीची फांदी

मी डोळे तपासते. समोरच्याला खरंच काय दिसतंय आणि काय दिसल्यासारखं वाटतंय, यातला फरक शोधणं हा माझा रोजचा धंदा. लोक तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून येतात, डोळे किलकिले करतात, चक्क थापा मारतात. मला लगेच कळतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणीतरी मलाच चष्मा बदलायचा सल्ला देईल. माझे डोळे उत्तम आहेत.

आम्ही चौघं झाडवेडे. रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात जमायचो. चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर, बेकरीचे मालक (त्यांना सगळे पाववालेच म्हणायचे), माझी नणंद आणि मी. नणंद-भावजय एका बाकावर बसून गुण्यागोविंदानं माती चिवडतात याचं पाववाल्यांना भारी नवल. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत जात होती. मी तिला थट्टेनं ‘वन्सं’ म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. आता ती पुलापलीकडे एकटी राहते, घरीच शिवणकाम करते. नवऱ्याला न सांगितलेल्या गोष्टी मी तिला सांगते, आणि तो तर तिचा सख्खा भाऊ. तो बसडेपोत मेकॅनिक आहे. त्याला झाडांचं काडीचं प्रेम नाही. ‘घरात माझ्यापेक्षा कुंड्यांची चौकशी जास्त होते,’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

आमचा एक रिवाज होता, त्याला आम्ही ‘ठेव’ म्हणायचो. कुणाकडे वेगळं झाड आलं की त्यानं लगेच एकेक फांदी बाकीच्यांना द्यायची. आपलं मेलं तर दुसऱ्याकडून परत मिळतं. झाड एकाच घरात असलं की ते गेल्यातच जमा, आणि वाटून दिलं की टिकतं. हा नियम आम्ही भेटेल त्याला ऐकवायचो.

मास्तरांनी ते रोप आणलं ते असंच, ठेव म्हणून. काळपट हिरवी, जराशी लवदार पानं, सरळ एकच खोड. फूल नाही, वास नाही. नाव कुणालाच सांगता येईना. कुणी दिलं हेही मास्तरांना आठवत नव्हतं. त्यात विशेष काही नाही, आमच्याकडे निम्म्या कुंड्यांचे आईबाप माहीत नसतात. आम्ही तिघांनी एकेक फांदी घेतली. तिन्ही जगल्या.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. ऊन चांगलं येतं. ओट्यावरची सगळी झाडं खिडकीकडे माना करतात, म्हणून अधूनमधून कुंड्या फिरवाव्या लागतात, म्हणजे झाड सरळ वाढतं. हे रोप मात्र उजेडाकडे पाठ करून आतल्या भिंतीकडे झुकायला लागलं. मी कुंडी फिरवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा भिंतीकडे. वारा लागत असेल, माती एका बाजूनं दबली असेल, असं म्हणून मी माती सारखी केली, काडीचा आधार दिला. रोपानं काडीसकट तिकडेच मान टाकली.

रविवारी विषय निघाला तर सगळ्यांचीच तक्रार. वन्संचं शिलाई मशीनवर कलंडत होतं. पाववाल्यांचं भट्टीकडे जात होतं, आणि भट्टीच्या धगीकडे जाणारं झाड त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मास्तर मात्र खुशीत होते. त्यांचं रोप फूटपट्टी लावून काढलेल्या रेघेसारखं सरळ होतं. चित्रकलेच्या माणसाला आणखी काय हवं?

वाचनालयाच्या दारात गावाचा एक मोठा नकाशा लावलेला आहे. निघताना मी सहज त्याच्यापुढे थांबले. माझी भिंत, वन्संचं मशीन, पाववाल्यांची भट्टी. तिन्ही रोपं मास्तरांच्या घराकडे झुकत होती. मी ते बोलून दाखवलं. पाववाले हसून म्हणाले की पोरं आईकडे ओढ घेणारच. वन्संही हसली. मीही हसले, आणि घरी जाताना मला स्वतःचाच थोडा राग आला.

मास्तर गेले ते खुर्चीत बसल्या बसल्या. वय झालं होतं, हृदय अधू होतं, डॉक्टरांना काही नवल वाटलं नाही. आम्हाला वाईट वाटलं, फार वाटलं. त्यांच्या पुतणीनं सांगितलं की कुंड्या तुम्हीच घेऊन जा. आम्ही गेलो. गॅलरीत सगळं जागच्या जागी होतं, फक्त ते सरळ रोप वाकलं होतं. पाववाल्यांनी ते उचललं. म्हणाले, मास्तरांची आठवण माझ्याकडे राहू दे.

घरी आले आणि चहाचं आधण ठेवता ठेवता ओट्याकडे पाहिलं. माझ्या रोपानं भिंत सोडली होती. ते खिडकीच्या उजव्या हाताला झुकलं होतं. आमच्या घरापासून उजव्या हाताला, त्याच रस्त्यावर, बेकरी आहे.

मी कुणाला काही बोलले नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते कधीकधी. पुढच्या रविवारी पाववाले कौतुकानं सांगत होते, ‘दोन्ही कशी ताठ झालीत बघा. मास्तर असते तर खूश झाले असते.’

मी बेकरीत जाऊन पाहिलं. पिठाच्या पोत्यांच्या वर, फळीवर, दोन कुंड्या शेजारीशेजारी. दोन्ही रोपं सरळ. पाववाले खाली पीठ मळत होते, दंडावर घाम, गळ्यात टॉवेल, धडधाकट माणूस. मी त्यांना रक्तदाब तपासून घ्या म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही डोळ्यांपुरतं बघा. जाताना त्यांनी मला गरम पाव दिला.

ते मळता मळताच कोसळले. डोक्यातली शीर फुटली.

कळल्यावर मी बेकरीत गेले, आणि तिथून माझ्या चष्म्याच्या दुकानात न जाता तडक घरी आले. स्वयंपाकघराच्या दाराशी बराच वेळ उभी राहिले. आत जायचं धाडस होईना. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. शेवटी गेले. रोप डाव्या हाताला झुकलं होतं, आणि डाव्या हाताला रस्ता जातो तो पुलावर.

पुलापलीकडे माझ्या ओळखीचं एकच घर आहे.

मी धावतच गेले. वन्सं कुणाच्या तरी सदऱ्याला काजं करत बसली होती. डोळे रडून सुजले होते. पाववाल्यांवर तिचा जीव होता. मशीनच्या बाजूला कुंडी. रोप ताठ.

मी तिला सगळं सांगितलं. नकाशा, मास्तरांची गॅलरी, बेकरीतली फळी. तिनं सुई खाली ठेवून शांतपणे ऐकून घेतलं.

‘वहिनी,’ ती म्हणाली, ‘दोन माणसं गेली. तुझं डोकं ठिकाणावर नाही. माझंही नाही. पण झाडावर कसला राग काढतेस?’

‘मला ते दे.’

‘काय करणारेस?’

‘मारणार आहे.’

जिवंत, निरोगी झाड मुळासकट मारायचं, हे आमच्यात कुणी कधी केलेलं नव्हतं. मरतुकडं रोपसुद्धा आम्ही कुणाच्या तरी गळ्यात मारायचो, पण फेकायचो नाही. मी तिला म्हटलं की खुळी म्हण, काय म्हणायचं ते म्हण, पण मला तुला गमवायचं नाहीये. ती उठली आणि कुंडी माझ्या हातात दिली.

बेकरीतल्या दोन कुंड्या मी पाववाल्यांच्या बायकोकडून मागून आणल्या. मोरीत बसून चारही रोपं उपटली. कात्रीनं खोडं, पानं, मुळं बारीक कापली, घमेल्यात टाकली आणि वर उकळतं पाणी ओतलं. पानं काळी पडली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. नवरा कामावरून आला तो दारात उभा राहून बघत होता. मी रोग पडलाय एवढंच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर आयुष्यभर त्यावरून चिडवलं असतं त्यानं. वर ओतायला आणखी पाणी उकळायला म्हणून मी उठले, तेव्हाही तो तिथेच होता.

नंतर मी रोज वन्संकडे जायला लागले. काहीतरी उसवलेलं शोधून न्यायची. ती ठणठणीत होती. एकदा शिंकली तर मी तिला डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टरनं दोघींकडे पाहिलं आणि मलाच झोपेची गोळी लिहून दिली. दिवस गेले, ऋतू पालटला, वन्संनं पुन्हा गुणगुणायला सुरुवात केली. माझ्या जिवात जीव आला. आपण जिंकलो असं वाटण्याइतकी मी मूर्ख आहे.

त्या संध्याकाळी तिनं माझ्या परकराला नाडी घालता घालता मला हळूच सांगितलं.

‘एक सांगू? रागावणार नाहीस?’

‘सांग.’

‘ते झाड गेलं म्हणून तू मनातून खंतावतेस. मला दिसतं ते. पण ते गेलेलं नाही. तू न्यायच्या कितीतरी आधी मी ठेवी दिल्या होत्या. शिवलेले कपडे न्यायला कुणी आलं की एक फांदी कागदात गुंडाळून द्यायची. सगळ्यांची छान लागलीत म्हणे.’

‘कुणाकुणाला?’

‘अगं, आता कोण लक्षात ठेवतं? सगळी ह्याच रस्त्यावरची माणसं.’

मी परकर तिथेच टाकून उठले.

बाहेर अजून उजेड होता. येताना मी त्या खिडक्यांकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. पुलाच्या अलीकडच्या पहिल्याच घरात, पडद्याच्या फटीत, ती काळपट पानं होती. पुढे न्हाव्याच्या दुकानात, आरशासमोर. शाळेच्या शिपायाच्या खोलीत. दवाखान्याच्या खिडकीत तर तीन डबे ओळीनं मांडलेले.

एकही रोप पुलाकडे झुकलेलं नव्हतं.

वन्संकडे पाठ फिरवून ती सगळी दुसऱ्या दिशेला झुकली होती. मी ज्या दिशेला चालत होते त्या दिशेला.

बेकरीच्या बाजूला असतील, असं मी स्वतःला समजावलं. तिकडे आता दुसरा मालक आला होता. त्याचं वाईट व्हावं असं माझ्या मनात येऊन गेलं, ते लपवत नाही.

आमच्या घरासमोर रस्त्यापलीकडे चपलांचं दुकान आहे. त्याच्या काचेत एक कुंडी होती. तिच्यातलं रोप बेकरीकडे झुकलेलं नव्हतं. ते काचेला टेकलं होतं, रस्ता ओलांडायला निघाल्यासारखं, आमच्या दाराकडे.

नवरा दारातच वाट बघत होता. कधी नव्हे तो लाजल्यासारखा हसत होता. म्हणाला, डोळे मीट. मी मिटले नाहीत. त्यानं माझा हात धरून मला झोपायच्या खोलीत नेलं.

पलंगाच्या त्याच्या बाजूला, स्टुलावर, ग्रीसच्या रिकाम्या डब्यात ते लावलेलं होतं.

‘त्या दिवशी तू मोरीत बसून किती रडलीस,’ तो म्हणाला. ‘मला बघवेना. तू पाणी तापवायला उठलीस तेव्हा एक फांदी मला चांगली दिसली. डेपोत नेऊन ग्लासात ठेवली. तुम्हीच म्हणता ना, ठेव म्हणून एक दुसरीकडे असावी. मुळं फुटली, मग डब्यात लावली. आज घरी आणली. तुझी ती नेहमी वाकायची. हे बघ कसं आलंय.’

ते सरळ होतं. मी डबा फिरवला. परत फिरवला. कुठल्याही बाजूनं ते सरळच होतं.

उपटून काही होत नाही, हे मला रस्त्यावरच्या खिडक्यांनी आत्ताच दाखवलं होतं. एवढ्या वर्षांत या माणसानं माझ्यासाठी पहिल्यांदा काहीतरी लावलं होतं. मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं आणि मी रडले. त्याला वाटलं, आनंदानं.

मग मी डबा उचलला आणि माझ्या बाजूला, माझ्या उशीला लागून ठेवला. माझ्या झाडांची जागा मीच ठरवते, असं त्याला सांगितलं. मनातल्या मनात त्या रोपालाही काय सांगायचं ते सांगितलं. मी आहे, मला घे. मग त्याच्याकडे पाठ करून, रोपाकडे तोंड करून आडवी झाले.

उजाडल्यावर डोळे उघडले तर पानं माझ्या गालाला लागत होती. खोड माझ्यावरून वाकून पलीकडे गेलं होतं.

नवरा कोपरावर रेलून रोपाकडे बघत होता. मग उठला, वळसा घालून माझ्या बाजूला आला, डबा अलगद उचलला आणि पुन्हा आपल्या उशाशी नेऊन ठेवला.

‘राहू दे माझ्याकडे,’ तो म्हणाला. ‘त्याला माझा लळा लागलाय.’