झाकणाच्या आतली तीट

दसऱ्याला पार्बताबाईंनी विळा, शिलाई मशीन आणि सुनेचा कम्प्युटर अशा सगळ्यांना हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी भावनानं बटण दाबलं, तर ना दिवा लागला ना पंखा फिरला.

तिनं त्याच प्लगमध्ये मोबाइल लावून पाहिला. चार्ज होत होता. वायर बदलून पाहिली. बटणाच्या फटीतलं ओलं कुंकू कापसानं टिपलं, आणि टिपता टिपता स्वयंपाकघराकडे पाहिलं. सासूबाई भाकरी थापत होत्या. ‘पोरीले डब्ब्याची सवय लावली तुनं,’ हे त्यांचं रोजचं बोलणं.

सवय होतीच. तिच्या नवऱ्यानं, देवानंदनं, अकोल्याहून हा सेकंडहँड कम्प्युटर आणला तेव्हा आचल पोटात होती. आता टेबलाखाली कॅबिनेट आणि शेजारी पाळणा. भावना शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायची आणि पायानं पाळण्याची दोरी ओढायची. कम्प्युटरच्या पंख्याच्या घरघरीशिवाय लेक डोळा मिटत नसे. कम्प्युटर बंद पडल्यापासून ती झोपलीच नव्हती. रडून रडून तिचा आवाज बसला होता, दूधही पोटात ठरत नव्हतं.

दर्यापूरच्या स्टँडमागे कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला कुंदन दोन दिवसांनी दुपारी आला.

“वहिनी, पाणी-गिनी सांडलं काय?”

“मी तर नाही सांडलं.”

“मले टोमणा कायले मारतं?” पार्बताबाई दारातून म्हणाल्या. “कुंकू लावलं मी. पण बाहिरून लावलं.”

कुंदननं पॉवर सप्लाय वेगळा चालवून पाहिला. चालला. रॅम काढून खोडरबरानं घासली. बटणाच्या तारा एकमेकींना टेकवल्या. एकेक भाग धड होता, जोडले की मुके.

“याचं काईच बिघडलं नाई, वहिनी. हा फक्त सुरू होऊन नाई राहिला.”

बाजूचं झाकण उजेडाकडे धरून तो थबकला. आतल्या बाजूला धुळीचा जाड थर होता, आणि मधोमध एक गोल काळा ठिपका. त्यावर मात्र धुळीचा कण नव्हता. भावनानं बोट लावलं. बोट काळं झालं. एरंडेलाचा वास आला.

“आई, हे तुम्ही लावलं.”

“मले ते उघडता येते का, बाई?” पार्बताबाई जवळ येऊन वाकल्या. मग त्यांचा आवाज खाली गेला. “पुसू नको. कोण्या लेकराच्या मायनं लावली असन. तीट उगाच कोणी लावत नाही.”

“स्क्रू गंजले होते,” कुंदन पुटपुटला. “लय वर्षांत कोणं उघडलं नसन.”

भावनाला सासूबाईंचं एक अक्षर खरं वाटलं नाही. पाळण्यात आचल पुन्हा कण्हली. भावनानं ओढणीच्या टोकानं तीट पुसून काढली.

“दाबा आता,” ती कुंदनला म्हणाली.

पंखा फिरला.

आचल रडता रडता थांबली. मान वळवून कॅबिनेटकडे पाहत हसली आणि लगेच झोपली. कुंदननं झाकण लावलं आणि चहा न घेताच निघाला.

निम्मी प्रश्नपत्रिका टाइप झाल्यावर भावनाचं लक्ष पाळण्याकडे गेलं. सकाळी तिनंच लावलेली तीट आचलच्या गालावर नव्हती. गाल पुसल्यासारखा स्वच्छ.

“आई, हिची तीट तुम्ही पुसली?”

“मी तिकडे फिरकली बी नाही,” आतून उत्तर आलं.

भावनानं कम्प्युटर बंद केला. स्क्रीन काळा झाला.

घरघर थांबली नाही.

तिनं प्लग ओढून काढला. वायर हातात आली.

ती खाली बसली. जाळीतून पंखा दिसत होता. पाती स्थिर होती. घरघर मात्र चढत होती, उतरत होती. पाळण्यात आचलची छाती अगदी तशीच.

वर. खाली.

आचलनं कूस बदलली. क्षणभर तिचा श्वास अडला.

घरघरही अडली.

भावनानं लेकीकडे हात नेला.

मग श्वास सुरू झाला. आधी कॅबिनेटमधला. त्यामागून आचलचा.